मरवा कुणाचा?

चौतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. नीळ, अफू, कापूस, मिरी या सगळ्यांना आमच्या पुस्तकांत धडे होते. मिरीसाठी गलबतं निघाली, निळीपायी चंपारण पेटलं, कापसावर मँचेस्टर उभं राहिलं. मरव्याला मात्र कुठल्याही इयत्तेत एक ओळसुद्धा मिळाली नाही. तशी ती मिळायचं कारण नव्हतंच म्हणा. मरव्यासाठी कधी लढाई झाली नाही, त्याच्या नावाने कुठला तह झाला नाही. वीतभर, फार तर हातभर वाढणारं ते झुडूप. परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढायचं आणि बायकांच्या वेणीत जाऊन बसायचं. एवढाच त्याचा प्रवास.

पण खरंच एवढाच का? निवृत्त झाल्यावर वेळच वेळ होता, म्हणून मी या झाडाच्या मागे लागले. जे हाती आलं ते इथे सांगते आहे. यात थोडा जगाचा इतिहास आहे, थोडा आमच्या धाराशिव जिल्ह्याचा आणि थोडा आमच्या घरातला. तिन्ही एकाच काडीला आलेले फुटवे आहेत असं समजा.

आधी ज्यांनी मरवा पाहिलाच नाही अशा तरुण वाचकांसाठी ओळख करून देते. मरवा तुळशीच्या कुळातला. पानं लहान, लांबट गोल, करडी झाक असलेली हिरवी, हाताला मखमलीसारखी लागणारी. फारसीत याला मर्झनगोश म्हणतात, म्हणजे उंदराचा कान! पान जवळून पाहिलं की हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. फुलं अगदी बारीक, पांढरट, दिसली न दिसली अशी. सगळी मजा पानात. बोटांत पान चुरडलं की गोडसर, थोडा कापराकडे झुकणारा, थंड वास येतो. पिझ्झ्याबरोबर पुडीतून येणारा ओरेगॅनो असतो ना, तो याचा सख्खा भाऊ. पण भाऊ तिखट, हा गोड. दोघांची जात वनस्पतिशास्त्रात एकच, ओरिगॅनम. लिनियसने १७५३ साली मरव्याला ओरिगॅनम माजोराना असं नाव दिलं.

या झाडाचं माहेर म्हणजे भूमध्य समुद्राचा पूर्व भाग. सायप्रस बेट आणि तुर्कस्तानचा दक्षिण किनारा इथे तो रानात उगवतो. गंमत शब्दाची आहे. इंग्रजी मार्जोरम हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या 'मायोराना'वरून आला, आणि त्याचं मूळ भारतातल्या 'मरुव' या शब्दात असावं असं काही व्युत्पत्तिकार मानतात. तसं असेल तर झाड तिकडून इकडे आलं आणि नाव इकडून तिकडे गेलं! संस्कृतात अमरकोशाने मरुबक, फणिज्जक अशी नावं दिली आहेत. सुश्रुताच्या सुरसादी गणात तुळशीबरोबर फणिज्जक आहे. अर्थात अशी जुनी नावं एकसारख्या वासाच्या दोन-तीन झाडांना मिळून वापरली जायची, हे ध्यानात ठेवायला हवं. आजही हिंदीतला मरुआ म्हणजे कुठे हे झाड, तर कुठे तुळशीचीच एखादी जात. आमच्या उमरगा-नळदुर्गाकडे काही घरं कानडी बोलतात. ती याला मरुग म्हणतात आणि काडी मात्र आमच्याच मरव्याची लावतात.

आता इथे आमच्या जिल्ह्याचा संबंध येतो. धाराशिवपासून जवळच तेर आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून सगळे ओळखतात, पण त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधी ते 'तगर' नावाचं मोठं व्यापारी शहर होतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचं नोंदलं आहे. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं आणि तिथून जहाजाने पश्चिमेकडे. तगर म्हणजेच तेर हे फ्लीट या अभ्यासकाने १९०१ साली दाखवून दिलं. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे, आणि तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात मिळाली. म्हणजे आमच्या तेरच्या आणि रोमच्या बायका एकमेकींना न पाहता एकमेकींच्या वस्तू वापरत होत्या.

या गाड्यांवरून मरव्याची काडी इकडे आली असं लिहायचा मोह कुणालाही होईल. मला वर्गात तो फार वेळा झालाय! पण कापडाची नोंद होते, काडीची होत नाही. इतिहासात हे असंच चालतं. ज्याचा भाव ठरतो ते वहीत येतं. जे शेजारणीने शेजारणीला फुकट दिलं ते वहीत येत नाही.

तरी एक धागा दोन्हीकडे सारखा सापडतो, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. रोमन कवी कॅटलसने एक लग्नगीत लिहिलं आहे, त्यात लग्नाच्या देवाच्या डोक्याला मरव्याची माळ आहे. इकडे आपल्याकडेही मरवा वेणीतला, सवाष्णीचा, नव्या नवरीचा. भावप्रकाश हा सोळाव्या शतकातला वैद्यकाचा ग्रंथ. त्यात मरुबक कुठे घातलाय माहीत आहे? पुष्पवर्गात! तुळस, मरवा, दवणा ही सगळी पानांची झाडं फुलांच्या पंगतीला बसवली आहेत. पान असून मान फुलाचा.

फुलांचं आणि माळांचं कौतुक आमच्या भागाला जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण, आमच्या उमरग्यापासून फार लांब नाही. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. राजाने कोणकोणते उपभोग कसे घ्यावेत हे त्यात सविस्तर आहे, आणि त्यात 'माल्योपभोग' असं फुलांच्या माळांसाठी वेगळं प्रकरण आहे. राजाच्या माळांना प्रकरण मिळालं. परसातल्या बायकांच्या वेण्यांना कोण देणार?

देवाच्या दारातही मरव्याला जागा आहे. गणपतीला ज्या एकवीस पत्री वाहतात त्यांत मरवा आहे. चैत्रात देवांना दवणा वाहतात, जोतिबाच्या यात्रेत तर दवण्याचे ढीग लागतात. म्हणून बोलताना आपण 'दवणा-मरवा' असं जोडीनेच म्हणतो. आता या सगळ्यात एक गोष्ट ध्यानात घ्या. मरवा देवाला चालतो, नवरीला चालतो, सवाष्णीला चालतो. राहिलं कोण?

आमच्या घरात मरवा लावला, वाढवला, जपला तो माझ्या वडिलांच्या आत्याने. आम्ही सगळी पोरं तिला आत्याआजी म्हणायचो. नवव्या वर्षी लग्न झालं आणि बाराव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परत आली. नळदुर्गाजवळच्या, बोरी नदीकाठच्या आमच्या गावातल्या वाड्यात तिने पुढची साठ-बासष्ट वर्षं काढली. १९७९ साली ती गेली. पांढरं कपाळ, मोकळे हात, केसांचा घट्ट बुचडा. त्या बुचड्यात आयुष्यभर एक पान खोवलेलं मी पाहिलं नाही.

आमचा भाग तेव्हा मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात. सोलापूर इंग्रजांकडे. मधे जेमतेम पन्नास किलोमीटर, पण कायदे दोन. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६चा आणि बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९चा. दोन्ही ब्रिटिश हिंदुस्थानचे, मोगलाईला ते लागू नव्हते. पुण्यात धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली स्वतः एका विधवेशी लग्न केलं आणि पुढे १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला. त्या वेळी आत्याआजीचा जन्मही झाला नव्हता. ती विधवा झाली तेव्हा आश्रमाला वीसेक वर्षं होऊन गेली होती. पण बोरी नदीच्या काठावर ती बातमी पोचलीच नाही. पोचली असती तरी ऐकलं कुणी असतं, हा प्रश्न वेगळा.

सणाच्या दिवशी पहाटे ती उठायची. दव सुकायच्या आत मरवा खुडून परडीत घ्यायची. केळीचं सोपट पाण्यात भिजवून त्याचे दोरे काढलेले असायचे. शेवंती, अबोली, मधे मधे मरव्याची जुडी, अशी वेणी ती इतक्या झपाट्याने गुंफायची की आम्ही पोरी बघतच राहायचो. घरातल्या सगळ्या बायकांच्या वेण्या झाल्या की आळीतल्यांच्या. नागपंचमीला, गौरींना, दसऱ्याला वीस-पंचवीस वेण्या तिच्या हातून जायच्या. मी एकदा विचारलं, "आत्याआजी, तुला ग?" ती म्हणाली, "जा माय, सोपट वाळायलंय, पाणी शिंपड त्याच्यावर." बस्स. एवढंच उत्तर.

पण मी रात्री तिच्याजवळ झोपायची, म्हणून मला एक गोष्ट ठाऊक होती. वेण्या केल्या त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत हाताला शिकेकाई किंवा राख लावायची नाही. निव्वळ पाण्याने हात धुवायची. झोपताना उजवा तळवा गालाखाली घ्यायची. तिच्या तळव्यांना मरव्याचा वास असायचा. मला तेव्हा ते नुसतं छान वाटायचं. त्याचा अर्थ लागायला बरीच वर्षं गेली.

आता तिची मरवा लावायची रीत सांगते. कारण पुस्तकांतल्या रिती बहुतेक थंड देशातल्या असतात. तिकडे बर्फाने मरवा मरतो, म्हणून दरवर्षी बी पेरतात. आपल्याकडे त्याचा वैरी बर्फ नाही, पाणी आहे. तेही जास्तीचं पाणी.

बी इतकं बारीक असतं की फुंकरीने उडेल. आत्याआजी बीच्या वाटेला गेली नाही. ती काडी लावायची. पाऊस सरला, आश्विन-कार्तिक लागला की फूल न आलेली चार बोटं लांबीची कोवळी काडी घ्यायची. खालची पानं काढून टाकायची, दोन पेरं मातीत जातील अशी खोचायची. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून एक पाटी माती, एक पाटी जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि अर्धी पाटी जुनं शेणखत. कच्चं शेण मुळीच नाही. काडी सावलीत ठेवून माती नुसती ओलसर ठेवली की तीन-चार आठवड्यांत मूळ धरते. मूळ धरलं हे ओळखायचं कसं? शेंड्याला नवी पानं आली की. उपटून बघायचं नाही! पोरांना हे सांगून सांगून ती थकायची.

रोप वीतभर झालं की पहिल्यांदा शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात आणि झाड पसरतं. न खुडलेला मरवा काठीसारखा उंच होतो आणि खाली लाकूड धरतो. मुख्य तोडणी फूल उमलायच्या आधी. फांद्यांच्या टोकाला बारीक गाठींसारख्या कळ्या दिसायला लागतात, तेव्हा पानात वास सगळ्यात जास्त असतो. झाडाचा खालचा तिसरा भाग ठेवून वरचं कापायचं. मुळासकट ओढलं तर गेलंच. नीट कापलं तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोडणी मिळते. सकाळचं कोवळं ऊन त्याला आवडतं, वैशाखातलं दुपारचं नाही. आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा मरवा भिंतीच्या सावलीला हवा. पावसाळ्यात आळं मोडून टाकायचं, पाणी थांबू द्यायचं नाही. कुंडी असेल तर ओसरीवर घ्यायची. नेमका भाद्रपदात गणपतीच्या पत्रीला मरवा लागतो आणि नेमका तेव्हाच त्याची मुळं कुजतात. बाजारातल्या पत्रीच्या जुडीत मरव्याच्या नावाखाली भलतंच काही मिळतं ते यामुळे.

पाणी आणि खत जास्त घातलं की मरवा भरघोस दिसतो, पण वास पातळ होतो. थोडा तहानलेला मरवाच घमघमतो. खुडलेला मरवा उरला तर ती सुती फडक्यावर सावलीत पसरायची. आठवडाभरात कुरकुरीत वाळतो. उन्हात वाळवला तर रंगही जातो आणि वासही. वाळलेली पानं घट्ट झाकणाच्या डब्यात. ट्रंकेत लुगड्यांच्या घड्यांत, माझ्या पुस्तकांत तिने ती ठेवली आहेत. जेवणात आमच्याकडे मरवा कुणी घालत नव्हतं. जर्मनीत तो सॉसेजमध्ये आणि बटाट्याच्या सूपमध्ये घालतात, पोलंडमध्येही तेच. जगाच्या बाजारात सगळ्यात जास्त मरवा जातो तो इजिप्तमधून. आत्याआजीला हे सांगितलं असतं तर तिने कानाला हात लावले असते!

तीन वर्षांनी झाड लाकडासारखं होतं, पानं कमी येतात. मग त्याच्याच काडीपासून नवं करायचं. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. बियांपासून आलेलं रोप म्हणजे आई-बापाचं मूल, त्याचा स्वभाव थोडा वेगळा. काडीपासून आलेलं रोप म्हणजे तेच झाड. वय नवं, पण झाड तेच. लेक सासरी जाताना माहेरच्या परसातली काडी घेऊन जाते, तेव्हा दोन गावांत एकच झाड वाढत असतं.

याचा प्रत्यय आमच्या घराला १९४८ साली आला. रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता. सरहद्दीवरच्या कितीतरी गावांतली माणसं गाव सोडून सोलापूरच्या बाजूला गेली, आमचं घरही गेलं. माझा जन्म नंतरचा, पण घरात हे सगळं इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांपुढे दिसतं. १३ सप्टेंबरला हिंदी फौजा सोलापूरहून निघाल्या, नळदुर्गाचा बोरी नदीवरचा पूल त्यांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. दिवाळीच्या सुमारास आमची माणसं परतली. वाडा उभा होता, पण परस उजाड झालेलं. मरवा नावालाही नाही. आत्याआजीने कुठलं दुःख केलं नाही. सोलापूरला एका चुलतबहिणीला तिने फार वर्षांपूर्वी काडी दिली होती. निघताना तिच्याकडून चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्याच होत्या. तोच मरवा पुन्हा त्याच जागी लागला.

१९७२च्या दुष्काळातही तो जगला. विहिरीला तळ दिसत होता, गावातली माणसं खडी फोडायला जात होती. पिण्याच्या पाण्यातला थेंब ती झाडाला घालत नसे. भांडी विसळलेलं पाणी दोन बोटं मरव्याला मिळायचं. ती म्हणायची, "त्याला लई लागत नाही. माझ्यासारखंच आहे ते."

आता जमिनीचं बघा. आमच्या घरातल्या जमिनीचे कागद मी पाहिले आहेत. तीन पिढ्यांचे पुरुष त्यांत आहेत. आत्याआजी कुठेच नाही. सासरी तिचं नाव लागलं नाही आणि माहेरी लागायचा प्रश्नच नव्हता. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बायकांना हक्क दिले, १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका वाटा दिला आणि २००५ साली तो देशभर मिळाला. तिच्यापुरतं हे सगळं एक तर उशिरा आलं किंवा कागदावरच राहिलं. पण तिने वाटलेल्या काड्या कुठे कुठे आहेत याची मी एकदा यादी करायला घेतली. सोलापूर, बार्शी, अक्कलकोट, उमरगा, लातूर. मोजता मोजता चाळिसावर घरं झाली. मग सोडून दिलं. जमीन वाटली की कमी होते. मरवा वाटला नाही तर संपतो. ज्यांनी तो आपल्याच परसात जपून ठेवला, त्यांचा एखाद्या जोराच्या पावसात गेला.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. दगडमातीची जाड भिंतींची घरं माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. पुढच्या उन्हाळ्यात मी सास्तूरकडे गेले होते. पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांच्या रांगा, आत भट्टीसारखं तापलेलं. एका खोलीपुढे डालडाच्या डब्यात तुळस होती आणि दुसऱ्या डब्यात मरवा. त्या बाईंशी मी बोलले. त्यांच्या घरातली दोन माणसं गेली होती. मरवा बहिणीकडून आणला म्हणाल्या. त्यापुढे मी काही विचारलं नाही.

नंतर गावोगाव सिमेंटची घरं झाली, न्हाणीचं पाणी गटारात गेलं, साबणाचं झालं. परस गेलं तिथे गाडी लावायला जागा झाली. वेणी घालणाऱ्या बायका कमी झाल्या, हेही खरं. यात हळहळण्यासारखं थोडं आहे, सगळं नाही. ज्या काळात परसात मरवा होता, त्याच काळात बारा वर्षांच्या मुलीला आयुष्यभराचं पांढरं कपाळ मिळत होतं. जुन्या काळाचे गोडवे गाताना मी हे दोन्ही एकत्रच आठवते. तुम्हीही आठवा.

आमच्या जिल्ह्याला २०२३ साली धाराशिव हे जुनं नाव सरकारी कागदावर परत मिळालं. नावं बदलायला एक आदेश पुरतो. रिती बदलायला वेळ लागतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एका लहान गावाने हे केलं याचा मला फार आनंद झाला. आत्याआजीला जाऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती.

माझे यजमान २०१४ साली गेले. दोन-तीन महिन्यांनी मी गच्चीत कुंड्यांना माती घालत होते. ओळखीच्या एक बाई आल्या होत्या. मनाने चांगल्या आहेत, वाईट हेतू अजिबात नव्हता. मरव्याकडे बघून म्हणाल्या, "आता हा कुणासाठी लावता, बाई?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्या गप्प झाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "एक काडी द्याल?" त्यांचेही यजमान पाच वर्षांपूर्वी गेले होते, हे मला ठाऊक होतं. मी दोन दिल्या. एक हमखास मरते.

तेव्हापासून दर कार्तिकात मी वीस-पंचवीस काड्या लावते. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडली की झालं, कुंडी विकत आणायला नको. संक्रांतीपर्यंत रोपं देण्याजोगी होतात. संक्रांतीला सगळ्या बायका काही ना काही वाण लुटतात, स्टीलच्या वाट्या, प्लॅस्टिकचे डबे. मी मरवा लुटते. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही ही यादी माझ्या घरात होत नाही. येईल तिला हळदीकुंकू, तिळगूळ आणि मरवा. काही जणी कुंकू लावून घेत नाहीत, मी आग्रह करत नाही. मरवा मात्र आजवर कुणी नाकारलेला नाही.

रोप देताना सगळ्यांना तीनच गोष्टी सांगते. पाणी बेताने घाला. कळी दिसली की खुडा, झाडाची दया करू नका. आणि मूळ धरलं की पहिली काडी दुसऱ्या कुणाला तरी द्या, कारण तुमचा गेला तर तिच्याकडूनच परत आणावा लागेल.